राणी रंगाची रेघ

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा सागरी नकाशा उघडला की जमिनीच्या कडेकडेने जाणारी एक बारीक राणी रंगाची रेघ दिसते. ती समुद्रात नाही. किनाऱ्याच्या आत आहे. कुठे नदीच्या मुखातून वर चढते, कुठे खाडीतून वळसे घेते, कुठे खणलेल्या कालव्यातून सरळ निघते, तर कुठे वाळूच्या बेटांच्या पाठीमागून सरकत राहते. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला तिचा शून्य मैल. तिथून फ्लोरिडातल्या मायामीपर्यंत ती सुमारे १,७५० किलोमीटर जाते. हा अटलांटिक इंट्राकोस्टल वॉटरवे. तिथले नावाडी त्याला प्रेमाने ‘डिच’ म्हणतात, म्हणजे चर.

आपल्या डोळ्यांना ही रेघ अनोखी वाटते, त्याला कारण आहे. कोकणात सह्याद्रीच्या सोंडा थेट समुद्रात उतरतात. आपल्या खाड्या पूर्वेकडून पश्चिमेकडे येतात आणि दोन खाड्यांच्या मध्ये डोंगराचं नाक आडवं येतं. बाणकोटच्या खाडीतून दाभोळच्या खाडीत जायचं तर गलबताला बाहेर पडावंच लागतं, खुल्या दर्यात. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर डोंगर नाहीत. जमीन ताटासारखी सपाट, आणि तिच्यापुढे किनाऱ्याला समांतर वाळूच्या लांबच लांब बेटांची माळ. बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये अडकलेलं उथळ, निवांत पाणी निसर्गानेच बरंचसं तयार ठेवलेलं होतं. माणसाने मधले तुकडे खणून ते जोडले.

जोडायची कल्पना जुनी आहे. १८०८ साली अर्थमंत्री अल्बर्ट गॅलाटिन यांनी रस्ते आणि कालव्यांचा अहवाल सादर केला. किनाऱ्यालगतच्या जमिनीच्या चार चिंचोळ्या पट्ट्या कापल्या तर समुद्रात न जाता किनाऱ्याकिनाऱ्याने मालवाहतूक करता येईल, हे त्यात मांडलेलं होतं. त्याची निकड किती होती, हे नॉर्थ कॅरोलिनाच्या केप हॅटरसचा समुद्र पाहिला की कळतं. त्या पाण्याला ‘अटलांटिकची दफनभूमी’ म्हणतात. १९४२ च्या सुरुवातीला तर याच किनाऱ्यावर जर्मन पाणबुड्यांनी मालवाहू जहाजं बुडवायला सुरुवात केली, तेव्हा आतल्या पाण्यातून हळू चालणारे तराफे अचानक मोलाचे ठरले. आज या वाटेची देखभाल अमेरिकी लष्कराचं अभियंता दल करतं. मालाचे तराफे अजूनही दिसतात, पण शरद ऋतूत पाण्यावर जी रांग लागते ती बहुतेक घरांची असते, तरंगणाऱ्या घरांची. त्या घरांत बहुधा दोन माणसं राहतात, नवरा आणि बायको.

अशाच एका जोडप्याबरोबर आपण ही वाट उतरणार आहोत. हे कुणी एक घर नव्हे. दर वर्षी थंडी पडू लागली की दक्षिणेला निघणाऱ्या अनेक जोडप्यांच्या दिनक्रमातून मी ते उभं केलं आहे, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. दोघं साठी ओलांडलेले, मुलं आपापल्या संसारात. शहरातलं घर विकलेलं किंवा भाड्याने दिलेलं. टपाल एका सेवेकडे जमा होतं आणि दर महिन्याला पुढच्या बंदरात येऊन पोचतं.

त्यांची बोट चाळीस फुटांची, डिझेलवर चालणारी. हिला ट्रॉलर म्हणतात. मासेमारीशी तिचा संबंध नाही. अंगाची ठेवण मच्छीमार ट्रॉलरसारखी भरभक्कम, एवढंच. ती हळू चालते आणि ते तिला चुकत नाही. पाणी कापत जाणारी बोट पुढे एक लाट उठवते. वेग वाढला की लाट लांबते, आणि तिची लांबी बोटीएवढी झाली की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते. मग इंजिनाला कितीही दामटा, डिझेल जळतं, वेग वाढत नाही. याचा जुना हिशोब सोपा आहे: पाण्यालगतच्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. या बोटीची पाण्यालगतची लांबी छत्तीस फूट, तिचं वर्गमूळ सहा. म्हणजे मर्यादा आठ नॉटची. आपलं जोडपं सात नॉटने जातं, ताशी तेरा किलोमीटर. सायकलवाला त्यांना मागे टाकील. इंजिन तासाला सात-आठ लिटर डिझेल पितं. दिवसाला साधारण ऐंशी किलोमीटर झाले की नांगर टाकायचा.

निघायचं कधी, हे चक्रीवादळं ठरवतात. अटलांटिकवर त्यांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. कित्येक विमा करारांत अमुक तारखेआधी अमुक अक्षांशाच्या दक्षिणेला जाऊ नये, अशी अट असते. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरभर बोटी उत्तरेच्या चेसापीक उपसागरात जमा होत राहतात. एकीकडे पहाटेची थंडी बोचू लागलेली, दुसरीकडे दक्षिणेला वादळाची भीती. नारळी पौर्णिमेआधी आपल्या बंदरांत होड्या शाकारून असतात आणि माणसं आभाळाकडे बघत बसतात, तीच घालमेल. फरक इतकाच की नारळ वाढवून दर्या खुला झाला असं म्हणायची सोय तिथे नाही.

नॉरफोक सोडल्यावर काही तासांतच वाट फुटते. एक फाटा रुंद आणि खोल, मोठ्या बोटींचा. दुसरा डिस्मल स्वॅम्प कालव्याचा, अरुंद, ३५ किलोमीटर लांब, सहा फुटांच्या आसपास पाण्याचा. आपली बोट चार फूट पाण्यात बुडते. दोघं कालव्याचा फाटा घेतात.

आत शिरताना पहिलं लॉक लागतं. बोट एका चौकोनी हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, आणि हौदात पाणी सोडून बोट सुमारे आठ फूट वर उचलली जाते. त्या वेळी एक दोर पुढे, एक मागे, आणि दोन्ही टोकांना एकेक माणूस. पाणी चढतं तसा दोर आवळत जायचा. एकाने आवळला आणि दुसरा विसरला तर बोट तिरकी होऊन भिंतीला घासते. या वाटेवर एकट्याने फिरणारे लोकही आहेत, त्यांचं मला कौतुक वाटतं. पण बोटीची जवळजवळ प्रत्येक गोष्ट दोन जोडी हात गृहीत धरून बांधलेली आहे, हे पहिल्या लॉकमध्येच कळून चुकतं.

कालव्यातलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं, तांबूस काळं. दोन्ही काठांवरच्या झाडांच्या सालींतून आणि कुजलेल्या पाल्यातून त्यात टॅनिन उतरतं. त्यामुळे जिवाणू सहजी वाढत नाहीत, आणि म्हणून पूर्वी लांबच्या सफरीवर जाणारी शिडाची जहाजं पिण्यासाठी हेच पाणी पिंपांत भरून नेत. काठच्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या, खाली त्यांचं इतकं स्वच्छ प्रतिबिंब की पुढे निघालेली बोट आभाळातून चालल्यासारखी दिसते. लोक इथे इंजिन मंद करतात आणि बोलायचे थांबतात.

मला मात्र या कालव्याबद्दल लिहिताना दुसरंच एक जोडपं आठवतं. हा कालवा १७९३ मध्ये खणायला घेतला आणि १८०५ मध्ये खुला झाला. अमेरिकेतल्या आजही वापरात असलेल्या कृत्रिम जलमार्गांत तो सगळ्यांत जुना आहे. तो खणला गुलामांनी, हाताने. त्या दलदलीत कंबरभर चिखलात उभं राहून मुळं तोडणाऱ्या माणसांचं वर्णन मोझेस ग्रँडी नावाच्या एका माणसाने सांगून ठेवलं आहे. ग्रँडी जवळच्याच कॅमडन तालुक्यात गुलाम म्हणून जन्मला आणि याच कालव्यावर मालाच्या बोटींचा तांडेल झाला. लोक त्याला कॅप्टन म्हणत. बोट चालवायची, कमाईतला ठरलेला वाटा मालकाला द्यायचा आणि उरलेल्यातून पैसा पैसा साठवून स्वतःला विकत घ्यायचं, असा त्याचा बेत होता. त्याने स्वतःची किंमत मालकाला मोजली. मालकाने पैसे घेतले आणि त्याला दुसऱ्याला विकून टाकलं. दुसऱ्या मालकालाही त्याने पूर्ण रक्कम दिली, त्यानेही फसवलं. तिसऱ्यांदा पैसे भरल्यावर तो सुटला.

पण त्याआधीची एक गोष्ट आहे. लग्नाला काही महिनेच झाले होते. विकत घेतलेल्या गुलामांची एक टोळी नेली जात होती, आणि त्या टोळीतून कुणीतरी त्याला नावाने हाक मारली. ती त्याची बायको होती. तिला विकलं होतं, आणि ते त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. विकत घेणाऱ्याने त्याच्यावर पिस्तूल रोखलं. जवळ जाऊ दिलं नाही. लांब उभं राहून चार शब्द बोलण्याची तेवढी मुभा दिली. त्यानंतर ती त्याला पुन्हा कधीही दिसली नाही, तिची खबरही लागली नाही. ग्रँडीचं आत्मवृत्त १८४३ साली लंडनमध्ये छापलं गेलं, तेव्हाही ती जखम ओली होती. ज्या पाण्यावरून आज दोन म्हातारी माणसं कॉफीचा पेला हातात धरून शेजारी शेजारी बसून जातात, त्या पाण्यावर बोट हाकणाऱ्या एका कसबी तांडेलाला स्वतःची बायको जवळ ठेवता आली नाही. या कालव्याच्या सौंदर्याचं वर्णन हे सांगितल्याशिवाय करू नये, असं मला वाटतं.

कालव्यापलीकडे नॉर्थ कॅरोलिनाचे अल्बेमार्ल आणि पॅम्लिको हे अंतर्गत उपसागर उघडतात. पाणी अफाट आणि खोली जेमतेम. समुद्राची तोंडं इतकी चिंचोळी की चंद्राची भरती आतपर्यंत जवळजवळ पोचतच नाही. तरीही पाणी चढतं-उतरतं, ते वाऱ्याने. दक्षिणेचा वारा दोन दिवस टिकला की पाणी एका काठाला रेटलं जातं आणि दुसऱ्या काठाचे धक्के उघडे पडतात. ज्याला पंचांग बघून भरतीची वेळ काढायची सवय, त्याचं इथे काही चालत नाही. उथळ पाण्यात वारा लाटाही आखूड आणि उभ्या उठवतो. त्या बोटीला झुलवत नाहीत, आपटतात. असल्या दिवशी कपाटातली भांडी टॉवेलात गुंडाळून ठेवावी लागतात. म्हणून इथे दोघांचा ठरलेला नियम आहे: निघू नये असं एकालाही वाटलं तर निघायचं नाही. कारण विचारायचं नाही. अनेक अनुभवी जोडपी हा नियम पाळतात.

पुढे कॅम्प लजून हा मरीन सैनिकांचा मोठा तळ येतो. तिथे तोफांचा सराव असला की गोळे जलमार्गावरून पलीकडे जातात, आणि तोवर वाट बंद. बोटी निमूटपणे थांबतात.

आता थोडं घराच्या आत जाऊ. खालच्या मजल्यावर एक शय्या, एक न्हाणीघर, वर बैठक आणि तिच्याच कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा. गोड्या पाण्याची टाकी पाचशे-सहाशे लिटरची. घरात असताना दोन दिवसांत सहज संपलं असतं ते पाणी इथे दहा-बारा दिवस पुरवायचं. अंग ओलं केलं की नळ बंद, साबण लावला की पुन्हा सुरू. वीज बॅटऱ्यांतून येते, छपरावरचे सौरपट्टे त्या भरतात. दुपारपर्यंत आभाळ भरलेलं राहिलं तर संध्याकाळी काय चालू ठेवायचं याची चर्चा होते. संडासाची टाकी हा तर संसाराचा मुख्य विषय. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेलं मैलापाणी सोडायला कायद्याने बंदी आहे, आणि हा सगळा मार्गच किनाऱ्याच्या आतला. म्हणून टाकी भरत आली की ती उपसून देणाऱ्या धक्क्यापर्यंत पोचायचं. गावात राहणाऱ्या माणसाला आपण किती पाणी वापरतो, किती वीज जाळतो, किती घाण करतो याचा आकडा ठाऊक नसतो. या दोघांना तो रोज सकाळी ठाऊक असतो.

भांडणं होतात ती मात्र पाण्यावरून नाही, नांगरावरून. एक जण पुढच्या टोकाला नांगराजवळ, दुसरा वर सुकाणूवर. मध्ये इंजिनाचा आवाज, समोरून वारा. ‘मागे घे’ हे ‘पुढे घे’ असं ऐकू येतं, मग आवाज चढतो, आणि आजूबाजूला नांगरलेल्या सगळ्या बोटी तमाशा पाहतात. त्यावर दोन उपाय निघाले आहेत. एक, हातांच्या खुणा. दुसरा, कानावर लावायचे बिनतारी संवादयंत्रांचे जोड. अमेरिकी नावाडी त्यांना ‘मॅरेज सेव्हर’ म्हणतात, संसार तारणारे. तिसरी एक सुधारणा हळूहळू रुळते आहे. पूर्वी नवरा सुकाणूवर आणि बायको नांगरावर अशीच वाटणी असे. साखळी ओढणं हे ताकदीचं काम आणि सुकाणू हे नजरेचं, तेव्हा वाटणी उलटी का नको, असा प्रश्न बायकांनी विचारला. आपल्या जोडप्यात सुकाणू तिच्या हातात आहे.

साउथ कॅरोलिनात वॅक्कमॉ नदी लागते, आणि या वाटेवरचा सगळ्यांत देखणा टप्पा मला हाच वाटतो. सायप्रसची झाडं पाण्यात पाय सोडून उभी, फांद्यांवरून शेवाळासारख्या राखी बटा लोंबतात. नीट पाहिलं तर काठावर सरळ रेषेतले, गवताने झाकलेले बांध दिसतात. ही जुनी भातखाचरं. जॉर्जटाउनचा हा परगणा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तांदळासाठी विख्यात होता. भरतीच्या वेळी खारं पाणी खालून रेटा देतं आणि वरचं गोडं पाणी चढवतं. बांधातल्या लाकडी दारातून ते गोडं पाणी शेतात घ्यायचं, ओहोटीला सोडून द्यायचं. त्या दारांना तिथे ‘ट्रंक’ म्हणतात. गोव्यातल्या खाजण शेतीची मानस पाहिलेल्या माणसाला ही यंत्रणा लगेच ओळखीची वाटेल. तिथेही लाकडी दार, तिथेही भरती-ओहोटीच्या जोरावर होणारी उघडझाप. गोव्यात ते काम खारं पाणी बाहेर ठेवण्याचं, इथे गोडं आत घेण्याचं. आणि गोव्यात बांध गावकऱ्यांनी राखले, तर इथे पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी घातले. भातशेतीचं ज्ञान त्यांतले अनेक जण आपल्याबरोबर घेऊन आले होते. त्यांचे वंशज, गुल्ला गीची समाज, इथल्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर अजून आपली बोली आणि आपलं भात-माशाचं जेवण राखून आहेत.

चार्ल्सटनच्या खाली गवताचा समुद्र सुरू होतो. स्पार्टिना नावाचं खाऱ्या दलदलीतलं हे गवत उन्हाळ्यात हिरवं आणि नोव्हेंबरात पिकल्या भातासारखं सोनेरी. आपल्याकडे खाडीकाठी जिथे कांदळवन असतं तिथे इथे हे गवत. ओहोटीला चिखल उघडा पडतो, कालवांचे थर दिसू लागतात आणि वास सुटतो, तोच गंधकाचा, कुजका, खाडीकाठच्या माणसाला घराची आठवण करून देणारा वास. इथेच डॉल्फिनांची एक शिकार पाहायला मिळते. तीन-चार डॉल्फिन मिळून माशांचा थवा काठाकडे हाकतात, एकदम लाट उठवून त्यांना चिखलावर फेकतात आणि स्वतःही अर्ध्या अंगाने चिखलावर घसरत येऊन मासे मटकावतात. हे करताना ते बहुधा उजव्या कुशीवरच पडतात. का, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पिल्लं आईकडे बघून शिकतात.

मग जॉर्जिया. किनारा सरळ मोजला तर जेमतेम १६० किलोमीटर, आणि जलमार्ग वेटोळे घेत सव्वादोनशे. पुष्कळ बोटी हा टप्पा टाळून बाहेरच्या समुद्रातून एका रात्रीत पुढे जातात. का टाळतात? उत्तरेला नॉरफोकला भरती-ओहोटीत अडीच-तीन फुटांचा फरक, दक्षिणेला मायामीला दोन फुटांचा, आणि मध्येच जॉर्जियाला सात ते नऊ फुटांचा. कारण किनाऱ्याच्या आकारात आहे. फ्लोरिडापासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंतचा किनारा धनुष्यासारखा आत वळलेला आहे आणि जॉर्जिया त्याच्या पोटात. तिथेच समुद्राखालचा उथळ कठडा सगळ्यांत रुंद. खोल समुद्रातून येणारी भरतीची लाट या रुंद, निमुळत्या उथळ्यावर चढते तशी कोंडून उंच होते. गोव्याला दोन मीटर असलेली भरती मुंबईला चार मीटरांच्या वर का जाते आणि खंभातच्या आखातात तर भिंतीसारखी का येते, त्याचं उत्तरही हेच आहे.

आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. जॉर्जियातही चंद्र तोच आहे. फक्त या जोडप्यापाशी पंचांगाऐवजी भरतीचे छापील तक्ते आणि फोनवरचं अॅप असतं, आणि तेवढ्याने भागत नाही. मार्गाची मंजूर खोली बारा फूट, पण गाळ सरकारी मंजुरी बघून साचत नाही. दोन नद्यांमधला एखादा जोडकालवा असतो, तिथे दोन्हीकडून येणारं भरतीचं पाणी मध्येच भेटतं, थबकतं आणि पोटातला गाळ तिथेच टाकतं. लिटल मड रिव्हर, हेल गेट, जेकिल क्रीक ही अशी बदनाम ठिकाणं. ओहोटीला तिथे चार-पाच फूट पाणी उरतं.

ती राणी रंगाची रेघ इथे दगा देते. १९१२ च्या सुमारास ती पहिल्यांदा नकाशावर आली. पुढे बऱ्याच ठिकाणी ती दशकानुदशकं तशीच राहिली आणि खालचे वाळूचे दांडे मात्र सरकत गेले. रेघेवरून चालणारा माणूस नेमका गाळात जाऊन बसू लागला. म्हणून २०१३ साली नकाशे करणाऱ्या सरकारी खात्याने नव्या आवृत्त्यांतून ती काढायला सुरुवात केली. तेव्हा नावाड्यांनी पत्रांचा पाऊस पाडला: चुकीची असली तरी ती आम्हाला हवी, कारण फाटे फुटलेल्या शंभर खाड्यांत कुठे वळायचं हे ती सांगते. खात्याने ऐकलं. २०१४ मध्ये रेघ राखायचं आणि सुधारायचं ठरलं.

तरीही विश्वास ठेवायचा तो पाण्यात रोवलेल्या खांबांवरच्या पाट्यांवर. लाल त्रिकोण सम आकड्यांचे, हिरवे चौकोन विषम आकड्यांचे. दक्षिणेला जाताना लाल उजव्या हाताला ठेवायचा. मध्ये एखादी मोठी नदी आडवी आली की तिच्या स्वतःच्या खुणांचे रंग उलटे निघू शकतात. म्हणून या मार्गाच्या पाट्यांवर एक छोटा पिवळा त्रिकोण किंवा चौकोन लावलेला असतो आणि तिथे तो पिवळा आकार पाहायचा, रंग विसरायचा. कित्येक खांबांवर ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्याची काटक्यांची घरटी असतात, पाटी झाकून टाकणारी. घरट्याला कुणी हात लावत नाही.

लिटल मड रिव्हरमध्ये ती सुकाणू धरते आणि तो खोलीच्या यंत्रावरचे आकडे मोठ्याने वाचतो. नऊ. आठ. साडेसात. सात. ती वेग उतरवते. सहा. अशा वेळी दुसरं काही बोलायचं नसतं. मत द्यायचं नसतं, सुचवायचं नसतं, फक्त आकडा. पाच पूर्णांक दोन. बोटीखाली चौदा इंच पाणी. ती सुकाणू जरासं वळणाच्या बाहेरच्या काठाकडे झुकवते, कारण नदी वळणाच्या बाहेर खणते आणि आत गाळ टाकते. साडेपाच. सहा. आठ. गाळात बसलेली नाही अशी बोट या मार्गावर शोधून सापडायची नाही. चढत्या पाण्यात रुतलं तर अर्ध्या तासात सुटका होते. उतरत्या पाण्यात रुतलं तर बोट कलंडत जाते आणि पुढच्या भरतीपर्यंत कित्येक तास माणसं तिरक्या स्वयंपाकघरात बसून काढतात. म्हणून अशा जागी पाणी चढत असतानाच शिरायचं, हा इथला पहिला नियम.

संध्याकाळी कंबरलँड बेटाच्या आडोशाला नांगर पडतो. इथेही गणित आहे. ओहोटीला दहा फूट पाणी, भरतीला आठ फूट वाढणार, बोटीचं नाक पाण्यापासून चार फूट वर; झाले बावीस. त्याच्या पाचपट साखळी सोडायची, म्हणजे एकशे दहा फूट. साखळी आडवी राहिली तरच नांगर चिखलात रुतून धरतो. साखळी उभी झाली की तो उपटून निघतो. रात्री प्रवाह उलटतो तेव्हा बोट नांगराभोवती संथपणे फिरून उलट्या दिशेला तोंड करते. झोपेत दोघांनाही ते कळतं. एक जण उठतो, काठावरच्या दोन दिव्यांची जागा पाहतो, पुन्हा येऊन पडतो. या बेटावर आता संरक्षित किनारा आहे. रानटी झालेले घोडे आणि एका श्रीमंत घराण्याच्या हवेलीचे भग्न अवशेष. सकाळी दोघं छोट्या रबरी होडीतून काठावर उतरतात आणि वाळूवर घोड्यांच्या खुरांचे ठसे पाहत चालतात.

फ्लोरिडा मी झरझर ओलांडतो. तिथे निसर्गापेक्षा पूल जास्त. मार्गावरच्या पक्क्या पुलांची ठरीव उंची पासष्ट फूट. त्याहून उंच डोलकाठीच्या बोटीला आत जागा नाही. बाकीचे पूल उघडणारे. रेडिओवर बोटीचं नाव सांगायचं, विनंती करायची. पुलावरच्या खोलीतला माणूस वाहतूक थांबवतो आणि रस्ता आकाशाकडे उचलला जातो. दोन्ही बाजूंनी मोटारींच्या रांगा, आणि मधून हे जोडपं ताशी तेरा किलोमीटरने जातं. जाताना आभार मानायची रीत आहे. मॅनटी या संथ, धष्टपुष्ट, गवतखाऊ जलचरांसाठी मैलोन् मैल मंदगतीचे पट्टे आखले आहेत, कारण त्यांच्या पाठीवर पंख्यांच्या जखमांचे व्रण दिसतात. कनॅव्हरलच्या प्रक्षेपण तळाजवळ नांगरलेलं असताना नशीब असेल तर डेकवरून अग्निबाण उडताना दिसतो.

रीत आणखी एक आहे आणि ती मला फार आवडते. मागून वेगवान बोट आली की तिची लाट ट्रॉलरला भांड्याकुंड्यांसकट हलवते. म्हणून मागचा आधी रेडिओवर विचारतो. मग पुढचा, ज्याला ओलांडलं जाणार आहे तो, स्वतःचा वेग जवळजवळ शून्यावर आणतो. तो थांबला की मागच्यालाही हळू जाऊनच पुढे निघता येतं, आणि हळू गेलेल्या बोटीची लाट उठत नाही. दोघांची दोन मिनिटं जातात. कित्येकदा या दोन मिनिटांतून ओळख होते आणि संध्याकाळी दोन्ही जोडपी एकाच आडोशाला नांगरून एकमेकांच्या बोटीवर जेवायला जातात. बोटीचं नाव आणि दोघांची नावं छापलेली छोटी कार्डं दिली-घेतली जातात. कोणाच्या घरी किती खोल्या होत्या हे कुणी विचारत नाही. बोट किती पाण्यात बुडते हे विचारतात.

मार्चअखेर उत्तरेकडचा बर्फ वितळू लागतो आणि रांग परत फिरते. आता लाल पाट्या डाव्या हाताला. जॉर्जियात पोचेपर्यंत गवताला हिरवे कोंब फुटलेले असतात. लिटल मड रिव्हरच्या तोंडाशी तो शरदात लिहिलेली वही उघडतो. तिच्या अक्षरात एक ओळ आहे: वळणावर हिरव्या पाटीला चिकटू नकोस, पाच फूट. ती घड्याळ पाहते. पाणी अजून उतरतंय, भरती लागायला दीड तास. तो पुढे जाऊन नांगर सोडतो, ती इंजिन बंद करते आणि खाली जाऊन कॉफीचं पाणी ठेवते.